मातीची रिक्षा का कलंडते?

चार-साडेचार वर्षांच्या मुलाला रिक्षा काढायला सांगितली की कागदावर साधारण काय उमटणार ते ठरलेलं असतं. एक वाकडातिकडा चौकोन, खाली एका ओळीत तीन गोल आणि आत हसरे रिक्षावाले काका. पत्र्याच्या आत बसलेले काका बाहेरून पूर्ण दिसतात, पायांसकट. चित्र झालं, मूल उठून गेलं.

आता हीच रिक्षा त्याला मातीची करू द्या. ते एक ठोकळा करतं, तीन चकत्या थापतं आणि कागदावर होत्या तशाच एका ओळीत ठोकळ्याखाली बसवतं. हात काढला की रिक्षा कलंडते. पुन्हा उभी केली, पुन्हा कलंडली. आता कुठे त्याला पहिल्यांदा प्रश्न पडतो की तिसरं चाक नेमकं असतं कुठे? कागदाने हे विचारलंच नव्हतं. कागदावर काही पडत नाही.

या क्षणी बाईंनी "एक पुढे लाव, दोन मागे लाव" असं सांगून टाकलं तर रिक्षा लगेच उभी राहील आणि सगळी मजा तिथेच संपेल. त्यापेक्षा मुलाचा हात धरून कोपऱ्यावरच्या स्टँडवर जावं आणि उभी असलेली रिक्षा वाकून बघावी. पुढचं चाक मधोमध, मागची दोन्ही दोन टोकांना. परत आल्यावर नवी अडचण येते. ओल्या मातीची चाकं वरच्या वजनाने दबून भाकरीसारखी पसरतात. मग मूल ठोकळा लहान करून बघतं, चाकं जाड करतं, नाहीतर चाकांसाठी बाटलीची बुचं मागतं. बुचं द्यावीत, ती काही फसवणूक नव्हे.

दुसऱ्या दिवशी दोन खुर्च्या आणि पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं द्या. रिक्षा 'खेळायला' लागली की प्रश्न पुन्हा बदलतात. पुढे किती जणांनी बसायचं? पैसे आधी की उतरल्यावर? काकांनी "नाही येणार" म्हटलं तर काय? (आपल्या शहरांतली मुलं हा संवाद फार लवकर शिकतात.) त्यात विनवणी येते, रुसवा येतो, घासाघीस येते. तोंडाने इंजिनचा आवाज काढताना सुरू होणारी, धावणारी आणि बंद पडणारी रिक्षा वेगवेगळी वाजते. आठवड्याने पुन्हा कागद पुढे ठेवला की चित्रात एक चाक वरच्या टोकाला आणि दोन खाली दोन बाजूंना दिसू शकतात, जणू रिक्षा वरून दाबून सपाट केली आहे. मोठ्यांना हे चित्र आधीच्यापेक्षा 'बिघडलेलं' वाटतं. खरं तर त्यात आधीपेक्षा जास्त माहिती असते.

'मुलांना वेगवेगळ्या माध्यमांतून व्यक्त होऊ द्या' हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो: सोमवारी चित्र, मंगळवारी माती, बुधवारी नाच, गुरुवारी ठसेकाम. त्याने वेळापत्रक भरतं. वर रिक्षाच्या बाबतीत झालं ते यापेक्षा वेगळं आहे. प्रत्येक माध्यम मुलाला वेगळा प्रश्न विचारतं. चित्र विचारतं, काय दिसतं? माती विचारते, उभं कसं राहतं? नाटक विचारतं, कोण कुणाला काय म्हणालं? ताल विचारतो, हळू की जोरात, सलग की थांबून थांबून? म्हणून दहा विषय दहा माध्यमांत करण्यापेक्षा एकच विषय तीन-चार माध्यमांतून फिरवून पुन्हा पहिल्याकडे आणणं मुलाला कितीतरी जास्त देऊन जातं. विषयही मोठे नकोत. रिक्षा, पाऊस, आजीचा चष्मा, कॉलनीतली मांजर, नळाला पाणी येण्याची वेळ एवढे पुरतात.

ही दृष्टी जगभर पोचली ती उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिल्या या शहरामुळे. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1945मध्ये त्या शहराजवळच्या विला चेल्ला या वस्तीतल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी (1920–1994) हे शिक्षक तिथे जाऊन मिळाले आणि पुढे आयुष्यभर हेच काम करत राहिले. 1963पासून नगरपालिकेच्या बालशाळा सुरू झाल्या. तिथल्या शाळांत कलेची एक कार्यशाळा आणि कलेचं शिक्षण घेतलेली एक व्यक्ती असते. मुलाला 'शंभर भाषा' असतात, ही मालागुत्सींची मांडणी. रेषा, माती, तार, सावली, हालचाल, शब्द या सगळ्या त्यांच्या लेखी भाषाच.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई 1945मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, 1957मध्ये काम कोसबाडला नेलं, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारी योजनेतून तो देशभर गेला, ती योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 रोजी. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, माती ही आजूबाजूची सामग्री त्यांनी वापरली. तेव्हा पुढे जी साधनं सांगितली आहेत, त्यांचं मूळ इटलीत शोधत बसायला नको.

माती: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

पहिली चूक कंजुषीची. मुलाला लिंबाएवढा गोळा दिला तर त्याचा लाडू होतो, साप होतो, आणि पाच मिनिटांत "झालं!" होतं. गोळा मोठ्या मोसंबीएवढा हवा, म्हणजे मुलामागे साधारण अर्धा किलो. एवढी माती असली की मूल दोन्ही हात वापरतं, उठून उभं राहतं, खांद्यापासून जोर लावतं. चार मुलांना दोन किलो भिजवलेली माती लागते. एकदा आणली की ती वर्षभर चालते.

शाडूची पावडर मोठ्या माणसाने, मुलं आसपास नसताना, उघड्यावर भिजवावी. सुकी भुकटी उडून छातीत जाणं कुणासाठीच बरं नाही. किलोभर पावडरीला साधारण तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर पाणी लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. थोडं थोडं घाला, ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा, सकाळी कणकेसारखी मळा. माती जमली का हे बघायला बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तळव्याला चिकटून राहिली तर वर्तमानपत्रावर थापून मळा, कागद जादाचं पाणी ओढून घेतो.

टेबलावर प्लास्टिक अंथरू नका, माती त्याला चिकटते आणि मूल काम सोडून ती खरवडत बसतं. गोणपाट किंवा जाड सुती कापड उत्तम. पाण्याची वाटी देऊ नका. पाणी दिसलं की मूल ते ओततंच आणि दहा मिनिटांत सगळा चिखल होतो. ओला स्पंज द्या, त्यावर बोट टेकवलं की पुरे. (चिखल हाही खेळ आहे, पण तो अंगणात, वेगळ्या दिवशी.) पहिले तीन-चार दिवस साचे, लाटणी, सुऱ्या काहीच नको. हाताला मातीची ओळख होऊ दे. नंतर आइस्क्रीमची काडी, जुना कंगवा, चमचा. फुलपाखराचा साचा हातात पडला की मूल फुलपाखरंच काढत राहतं, मग मातीचं काही शिल्लक राहत नाही.

वाळल्यावर हत्तीची सोंड गळून पडते आणि मूल रडतं, हा नेहमीचा प्रसंग. याला दोन कारणं. गुळगुळीत भाग गुळगुळीत भागावर नुसता टेकवलेला असतो. आणि बारीक सोंड जाड धडापेक्षा लवकर वाळते, वाळताना आकसते आणि सांध्यावर तुटते. उपाय असा: दोन्ही बाजूंना कंगव्याने ओरखडे काढा, मधे पातळ चिखल लावा, दाबा आणि सांध्यावरची माती बोटाने पसरून एकजीव करा. काम झाल्यावर सावलीत, वर्तमानपत्राने झाकून वाळू द्या, पंख्याखाली किंवा उन्हात नको. हे तंत्र मुलाला कधी शिकवायचं? सोंड एकदा गळून पडल्यावर. त्याआधी सांगितलं तर ते ऐकत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

हात बादलीत धुवा, बेसिनमध्ये नको, नाहीतर प्लंबर बोलवावा लागेल. फोटो काढून झाल्यावर, मुलाला विचारून, वस्तू पुन्हा बादलीत टाकता येतात. गंमत म्हणजे पूर्ण सुकलेली माती अर्धवट ओल्या मातीपेक्षा लवकर विरघळते, म्हणून आधी खडखडीत वाळवा, मग भिजवा.

शाडू मिळत नसेल तर शिजवलेलं पीठ चालतं: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, एका लिंबाचा रस. सगळं गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवत राहा. गार झाल्यावर मळून बंद डब्यात, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. वास आला किंवा पाणी सुटलं की टाकून द्या. यात मीठ भरपूर असतं, त्यामुळे सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांना, आणि घरात कुत्रं असेल तर त्यालाही, यापासून लांब ठेवा. अन्नाशी खेळू नये असं आजीचं म्हणणं असेल तर वाद घालू नका, माती आणा. तसंही पीठ मातीची जागा घेऊ शकत नाही. ते मऊ असतं, हाताला विरोध करत नाही आणि उंच उभं राहत नाही. दाबायला, कापायला, चिमटे काढायला छान.

रेघ आणि रंग

चोवीस खडूंचा डबा दिला की मूल रंग निवडण्यातच दमतं. सुरुवातीला लाल, पिवळा, निळा आणि पांढरा पोस्टर रंग, प्रत्येक रंगाला त्याचा स्वतःचा ब्रश. एकच ब्रश सगळ्या वाट्यांत फिरला की तिसऱ्या मिनिटाला सगळं तपकिरी होतं, आणि दोष मुलाला दिला जातो. रंग घट्ट ताकाएवढा दाट हवा. त्याहून पातळ झाला तर ओघळतो, दह्याएवढा घट्ट असला तर ब्रश ओढावा लागतो. ब्रश चपटा आणि रुंद, दांडी आखूड. बोटांनी रंगवायचं असेल तर चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर एक वाटीभर गार पाण्यात कालवून शिजवा, खळ झाली की गार करून त्यात हळद, बिटाचा रस किंवा खाण्याचा रंग मिसळा. बाजारातला गुलाल, रांगोळीचे रंग किंवा कुंकू यासाठी वापरू नका, त्यात काय असतं याचा भरवसा नाही.

मेणखडू जाड घ्या आणि वरचा कागद काढून टाका. दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे केले तर आणखी बरं, कारण तुकडा मुठीत धरता येत नाही आणि तीन बोटांनीच धरावा लागतो. आडवाही घासता येतो. तुकडे तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र नकोत, सव्वातीन सेंटिमीटरहून लहान कोणतीही वस्तू त्यांच्या घशात अडकू शकते. स्केचपेन मुलांना आवडतं, पण जोर लावा की हळू धरा, त्याची रेघ तशीच उमटते. खडू, कोळसा किंवा पाटीवरची पेन्सिल हाताचा जोर दाखवते. चिडून ओढलेली रेघ आणि भीतभीत ओढलेली रेघ यांत फरक दिसावा असं वाटत असेल तर स्केचपेन बाजूला ठेवा. कागद मोठा, ए-3 किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ, आणि कधीकधी तो भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही कामाला लागतात.

मुलांची चित्रं साधारण एका वाटेने जातात. दीड-दोन वर्षांपासून रेघोट्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मिटलेला गोल. मग त्या गोलालाच थेट हात-पाय फुटतात आणि पोट नसलेला माणूस तयार होतो. पाच-सहा वर्षांचं होताना कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी येते, मधे नुसती हवा. महत्त्वाची गोष्ट मोठी काढली जाते, म्हणून आई झाडाएवढी असते. यातलं काही दुरुस्त करायचं नसतं. "अरे, पोट कुठे गेलं?" म्हटलं की मूल तुमच्याकडे बघून पोट चिकटवतं, पण ते त्याचं नसतं.

"तू काढून दे ना" हा हट्ट येणारच. त्याच्या कागदावर तुमची रेघ ओढू नका, कारण एकदा तुमचा सफाईदार ससा पाहिला की त्याचा ससा त्याला कायमचा ओबडधोबड वाटतो. त्याऐवजी वस्तू जवळ आणा. मांजर असेल तर तिच्या पाठीवरून हात फिरवू द्या. शेपूट कुठून सुरू होते? कान डोक्यावर की बाजूला? मग विचारा, "आधी काय काढूया?"

रंग भरण्याच्या छापील वह्यांना विष म्हणायची गरज नाही, हात स्थिर व्हायला त्या चालतात. पण बाह्यरेषा दुसऱ्याने पाहिलेल्या वस्तूची असते, म्हणून त्याला व्यक्त होणं म्हणू नये. ठिपक्यांची रांगोळी आणि शाळांमध्ये नमुना ठेवून उतरवून घेतली जाणारी वारली चित्रं यांचंही तसंच. वारली घरांत लग्नाचा चौक बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या, त्या खुणांना अर्थ आहे आणि व्याकरण आहे. मुलांना ती जरूर दाखवावीत. पण पंचवीस मुलांनी फळ्यावरचा एकच त्रिकोणी माणूस काढला, तर तो सुलेखनाचा तास झाला.

भातुकली, किल्ला आणि मोज्याची बाहुली

नाटकासाठी नाटकाची सामग्री लागत नाही. जुनी ओढणी, बंद पडलेला मोबाइल (बॅटरी काढून), स्टीलचे डबे, पिशवी, खोकी. ओढणी सकाळी नदी असते आणि दुपारी बाळाची झोळी. प्लास्टिकचा तयार किचन सेट फक्त किचनच राहतो.

दिवाळीतला किल्ला हा तर आपल्याकडचा तयार अभ्यासक्रमच. दगड-विटांची उतरंड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी पेरून चार-पाच दिवसांत हिरवं रान. चढण खूप उभी झाली की चिखल घसरतो. पाणी जास्त मारलं की पेरलेलं बी वाहून जातं. तळं खोदलं की पाणी मुरतं, मग प्लास्टिकचा तुकडा सापडतो. मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडण होतं आणि त्या भांडणात कुणीतरी गडाची गोष्ट रचतं. बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिसचा किल्ला विकत आणला की यातलं काहीच घडत नाही, फक्त गॅलरी स्वच्छ राहते.

मोज्याची बाहुली करायला दोन बटणं घट्ट शिवायची (तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणांऐवजी धाग्याने टाचलेले डोळे), एवढंच. जे मूल आईला सांगत नाही ते मोज्याला सांगतं, कारण मोजा रागावत नाही आणि लगेच सल्ला देत नाही. गोष्ट बिघडते ती मोठ्यांच्या हातात. मोजा हाती येताच आपण विचारतो, "तू रोज दात घासतोस ना?" मोज्याला अडाणी असू द्या. त्याला काहीच कळत नाही, आणि मुलाला सगळं समजावून सांगावं लागतं.

भावनांसाठी शब्द, आणि शब्दांआधी

अनेक बालवर्गांच्या भिंतीवर चार गोल चेहऱ्यांचा तक्ता असतो: हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. मराठीत याहून बारीक छटा आहेत आणि त्या घरोघरी वापरात आहेत. रुसणं म्हणजे रागावणं नव्हे, रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं. हिरमुसणं म्हणजे आशा लावून बसलो होतो आणि ती मोडली. फुरंगटणं, खट्टू होणं, कावरंबावरं होणं, ओशाळणं, धास्तावणं. "तू रागावलास का?"ऐवजी "हिरमुसलास का रे? बागेत जायचं होतं ना?" असं म्हटलं की मुलाला त्या अवस्थेला नाव मिळतं, आणि पुढच्या वेळी ते वापरता येतं.

मूल किंचाळत असताना मात्र हातात खडू कोंबू नका. त्या वेळी जवळ बसणं, थोडक्यात बोलणं, कुणाला लागू न देणं एवढंच काम असतं. तासाभराने, किंवा दुसऱ्या दिवशी, विचारता येतं की कालचा राग डब्यावर वाजवला तर कसा वाजेल? पोटातून आला की डोक्यातून? चालत आला की धावत? डबे बडवून राग 'निघून जातो' अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. नुसती आदळआपट केली तर राग वाढूही शकतो. फायदा होतो तो रागाला सुरुवात, चढ आणि उतार असतो हे वाजवून कळण्याचा. म्हणून जोरात वाजवून झालं की हळूहळू कमी करत शांततेपर्यंत यायला सांगा. मुलांना हा उतार फार आवडतो.

काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, असा अर्थ लावू नका. पांढऱ्या कागदावर काळा उठून दिसतो, किंवा डब्यात तोच धड तुकडा उरलेला असतो. एका चित्रावरून निदान होत नाही. आठवडेच्या आठवडे मूल गप्प राहू लागलं, झोप-खाणं बिघडलं, येत असलेले शब्द बंद झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कुणी त्रास देतं, नको तिथे हात लावतं असं चित्रातून किंवा खेळातून मूल सांगत असेल तर शांतपणे ऐका, त्याच्या तोंडी शब्द घालू नका, आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.

मोठ्यांनी काय बोलायचं

कमी. आपण चित्र बघितलं की दोन गोष्टी तोंडून निसटतात: "अरे वा, छान!" आणि "हे काय आहे?" पहिल्याने संभाषण संपतं. दुसऱ्याने कळतं की मला काही ओळखता आलं नाही. जे दिसतंय ते म्हणा. "इथे खूप जोर लावलास." "हा निळा वरपासून खालपर्यंत आलाय." मग गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक मुलं सातव्या-आठव्या आकड्याला बोलू लागतात. थांबलात तर "तो पाऊस आहे, आणि आजी आत अडकली आहे" असं काहीतरी येतं.

ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. मालवणीत असतील तर मालवणीत, अहिराणीत असतील तर अहिराणीत, अर्धे इंग्रजीत असतील तर तसे. सुधारू नका. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात मूल एकाच वाक्यात दोन भाषा बोलतं, तेही तसंच उतरवा. शाळेच्या भाषेत गप्प असणारं मूल मातीत बडबडं असू शकतं, आणि आपलं बोलणं कुणीतरी कागदावर उतरवतंय हे दिसलं की त्याला ते वाचून हवं असतं. लिहायचं वेगळ्या चिठ्ठीवर. चित्रावर आडवं नाव आणि शेरा लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर पोस्टर लावणं. तारीख मागे, पेन्सिलीने.

वेळेबद्दल: अर्धा तास तरी सलग द्या, तीन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटांत उठलं तरी. संपवायच्या पाच मिनिटं आधी सांगा. एक माध्यम किमान आठवडाभर त्याच कोपऱ्यात राहू द्या. पहिले दोन दिवस मूल सामग्रीशी खेळतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यातून काही सांगू लागतं, आणि आपण नेमकं तेव्हा ती बदलून टाकतो. अंगणवाडीत पंचवीस मुलं आणि एक ताई असतील तर पाच-पाचचे गट करा. घाण होणारं काम एका वेळी एकाच गटाला, तिथे ताई. बाकी चार गट ठोकळे, भातुकली, पुस्तकं आणि पाटी-खडू यांत, तिथे मदतनीस. रोज एकच गट मातीला बसला तरी आठवड्यात सगळ्यांची पाळी येते.

राहतो तो ढीग. महिन्याच्या शेवटी मुलाला सगळी चित्रं जमिनीवर मांडू द्या आणि पाच निवडायला सांगा. "ही का ठेवायची?" याचं उत्तरही लिहून घ्या. उरलेल्यांचे फोटो काढा. पावसाळ्यात पोस्टर रंगाची चित्रं एकमेकांना चिकटतात, म्हणून मधे वर्तमानपत्र घाला. रिक्षाची पहिली आणि शेवटची चित्रं मात्र निवडीत आली नाहीत तरी शेजारी शेजारी ठेवा, आणि शुक्रवारी वाळलेली मातीची रिक्षा मुलाच्या परवानगीने बादलीत टाका. सोमवारपर्यंत माती तयार होते.